नाशिकमध्ये हिरव्या पाट्या (ईव्ही, म्हणजे इलेक्ट्रिक गाड्यांच्या नंबरप्लेट) खरंच वाढल्यात की मलाच जास्त दिसतायत?

गंगापूर_रोडकर:
परवा जेहान सर्कलला सिग्नलला थांबलो होतो, पुढे चार गाड्या. एक पंच, एक विंडसर, एक ती डबीसारखी कॉमेट आणि चौथी साधी स्विफ्ट. म्हणजे चारात तीन हिरव्या पाट्या! २०२० ला नेक्सॉन ईव्ही नवीन आली तेव्हा आमच्या कॉलनीत एकाने घेतली होती, लोक मॉर्निंग वॉक सोडून बॉनेट उघडून दाखवा म्हणायचे. आता कोणी मान पण वळवत नाही. पोराला शाळेत सोडताना आम्ही मोजायचा खेळ खेळतो, घर ते शाळा चारेक किलोमीटर, काल ११ झाल्या, त्यात ७ स्कूटर. माझं म्हणणं एवढंच की नाशिकमध्ये ईव्हीचं नवल संपलं. तुमच्याकडे किती दिसतात?

सातपूरचा_फिटर:
साहेब तो गंगापूर रोड आहे, ते नाशिक नाही. फर्स्ट शिफ्ट सुटते तेव्हा एबीबी सर्कलला येऊन उभे राहा दहा मिनिटं. स्प्लेंडर, शाईन, प्लॅटिना, परत स्प्लेंडर, असा नुसता पूर येतो. मधेच एखादी हिरवी पाटी दिसली तर ती पण एचआरवाल्या मॅडमची. आणि गंमत बघा, महिंद्राची इलेक्ट्रिक एक्सयूव्ही ४०० आपल्याच नाशिकच्या प्लांटमधून बाहेर पडली, पण आमच्या पार्किंगमध्ये ती घेतलेला माणूस मला अजून भेटायचाय.

गंगापूर_रोडकर:
मग कॉलेज रोड, इंदिरानगर, पाथर्डी फाटा हे पण नाशिक नाही का? तुमचं सर्कल तेवढं खरं आणि आमचं खोटं, असं कसं चालेल.

आकडेमोड:
भांडू नका, दोघांचं पण चुकतंय. २०२४-२५ मध्ये देशभरात विकल्या गेलेल्या शंभर कारमागे इलेक्ट्रिक साधारण अडीच होत्या, टू-व्हीलरमध्ये शंभरात सहा. ही झाली फक्त नवीन विक्री, रस्त्यावर तर दहा-पंधरा वर्षांच्या जुन्या गाड्या पण धावतायत, म्हणजे रस्त्यावरचं प्रमाण त्याहून कमीच निघणार. त्यामुळे चारात तीन हा निव्वळ योगायोग. तीनचाकीत मात्र देशातली निम्म्याहून जास्त विक्री इलेक्ट्रिक आहे, पण त्यातल्या बऱ्याचशा यूपी-बिहारकडच्या ई-रिक्षा. आपल्या सीबीएस बसस्टँडला उभं राहिलं तर सीएनजीच दिसणार.

इंदिरानगरची_वहिनी:
तुम्ही सगळे पाट्या मोजताय पण ज्यांना पाटीच नाही त्यांचं काय? आमच्या गल्लीत क्लासला जाणाऱ्या पोरी, डबे पोचवणारे काका, सगळे त्या बारक्या स्कूटरवर. २५ च्या आत स्पीड आणि २५० वॉटपर्यंतची मोटर असेल तर पासिंग लागत नाही, लायसन लागत नाही, म्हणजे हिरवी पण नाही आणि पांढरी पण नाही. माझीच तशी आहे. संध्याकाळी भाजी आणायला निघाले की वाटेत तशा पाच-सहा दिसतातच. तुमच्या मुलाने त्या मोजल्या का? नसतील, कारण तो हिरवा रंग शोधतोय.
आणि आवाज नसल्यामुळे लक्षात पण येत नाहीत हो. परवा एक आजी दचकल्या, म्हणे अगं बाई भुतासारखी आलीस, घंटी तरी वाजव.

सातपूरचा_फिटर:
वहिनी त्या धरल्या तर मग सायकली पण धरा 😄

इंदिरानगरची_वहिनी:
का, सायकलला चार्जर लागतो का? आमच्या सोसायटीत चार्जिंगवरून सहा महिने महाभारत झालं. दुसऱ्या मजल्यावरून वायर सोडायची, पावसात ती कॅरीबॅग बांधून झाकायची, वर सेक्रेटरी म्हणणार लॉबीत वायर दिसते, इम्प्रेशन खराब होतं. शेवटी बॅटरीच काढून घरात आणते, पोळ्या होईपर्यंत ओट्याशेजारी चार्ज करते. इतकं करून पण मोजणीत नाही म्हणता?

निफाडचा_बागवाला:
शहरातलं ठीक आहे भो. आमच्याकडे पिंपळगावला मार्केटला जा, टोमॅटोच्या सीझनला पिकअपची रांग हायवेपर्यंत येते, त्यात एक इलेक्ट्रिक दाखवली तर मिसळ माझ्याकडून. लासलगावला कांद्याचे ट्रॅक्टर उभे असतात, सगळं डिझेल. शेतावरच्या लाईटीचं म्हणाल तर थ्री फेज कधी दिवसा कधी रात्री, पाण्याची मोटर चालू करायला टॉर्च घेऊन बिबट्याच्या भीतीने जातो आम्ही, आता गाडी पण त्याच लाईनवर लावू का.

आकडेमोड:
अहो घरातल्या लाईनवर होते की चार्ज, १५ अँपियरच्या प्लगवर रात्रभर लावायची.

निफाडचा_बागवाला:
होते ना. पण त्या गाडीत दोन टन माल बसत नाही.

घाटकरी:
आठवड्यातून दोनदा मुंबई करतो, माझं बघा. कसारा घाटात पूर्वी इलेक्ट्रिक कार दिसली की आश्चर्य वाटायचं, आता इगतपुरीहून समृद्धी महामार्गाला लागलं की भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत मोजत बसावं इतक्या दिसतात. ५ जून २०२५ ला तो शेवटचा टप्पा सुरू झाला आणि नंतर ईव्ही कारना टोल माफ झाला, मग काय, येणारच. उतारावर ब्रेक कमी, बॅटरी उलटी भरते, इगतपुरीला ५८ टक्के होती ती खाली उतरल्यावर ६० झालेली मी डोळ्याने बघितलीये (वर चढताना तेवढीच व्याजासकट जाते ते वेगळं).
पण गंगापूर_रोडकर, एक विचारू का? पाटीचा रंग बघितला, पासिंग बघितलं का? शनिवार-रविवारी मी परत येतो तेव्हा ह्या सगळ्या एमएच ०४, एमएच ४३, एमएच ०२ वाल्या गाड्या तुमच्याच रोडने वायनरीकडे आणि धरणाकडे जातात. परवा म्हणजे नक्की कोणता वार होता?

गंगापूर_रोडकर:
...रविवार होता. 😅
बरं थांबा, विंडसर नक्की एमएच १५ होती, कारण मागे नाशिकच्याच शोरूमचा स्टिकर होता. बाकी दोन मी बघितल्या नाहीत, खोटं बोलणार नाही. पण शाळेच्या वाटेवरच्या ११ सोमवारच्या आहेत, त्यात मुंबईकर नाहीत.

जुना_फोरमन:
मी ६८ वर्षांचा, रोज संध्याकाळी त्र्यंबक रोडला कट्ट्यावर बसतो, सांगायला हरकत नाही. माझ्या वडिलांची चेतक स्कूटर होती. सकाळी चालू होईना की तिला एका बाजूला कलंडवायची, मग किक, मग शिवी, मग परत किक. आता तेच नाव हिरव्या पाटीवर समोरून जातं आणि आवाजच नाही, मला तर ती बंद पडून ढकलत नेल्यासारखी वाटते. चेतक आणि आयक्यूब या दोन स्कूटर मला रोज सगळ्यात जास्त दिसतात, एथर पोरांकडे. दोन वर्षांपूर्वी ओला जास्त होत्या, त्यातल्या काही आता दिसत नाहीत, विकल्या की काय माहीत नाही. कारचं मला विचारू नका, टियागो पेट्रोल की बॅटरी हे मागे सायलेन्सर आहे का ते वाकून बघावं लागतं, या वयात कोण वाकणार.

सातपूरचा_फिटर:
काका आगीचं पण सांगा की. एप्रिल २०२२ ला आपल्याच नाशकात कंटेनरमध्ये भरलेल्या स्कूटरला आग लागली होती, ४० गाड्या होत्या त्यातल्या २० जळाल्या. तेव्हापासून आमच्या घरी विषयच बंद. बायको म्हणते पार्किंगमध्ये पण नको.

इंदिरानगरची_वहिनी:
आणि गॅसचा सिलिंडर स्वयंपाकघरात चालतो?

सातपूरचा_फिटर:
त्याच्याशिवाय जेवण मिळत नाही वहिनी.

घाटकरी:
वाद कशाला, एक दिवस ठरवा, सगळ्यांनी आपापल्या चौकात वीस मिनिटं मोजा. वीकडे. पासिंगसकट. विनापाटीच्या वेगळ्या लिहा, नाहीतर वहिनी रागावतील.

सातपूरचा_फिटर:
मोजल्या. आज बुधवार, एबीबी सर्कल, ३.१० ते ३.३०, चहा टपरीवर उभं राहून. स्कूटर १४, त्यातल्या ९ आमच्याच कंपनीच्या गेटकडून आल्या हे मला माहीतच नव्हतं राव, रोज त्याच रस्त्याने जातो. विनापाटी ३. मालाच्या इलेक्ट्रिक तीनचाकी २, पिवळ्या अक्षरांच्या. कार एकच, नेक्सॉन, एमएच १५. स्प्लेंडर मोजायला घेतल्या होत्या, शंभरनंतर सोडून दिल्या.
तरी पण मी म्हणतो तेच खरं, पूर स्प्लेंडरचाच आहे.

गंगापूर_रोडकर:
१४ म्हणजे माझ्या शाळेच्या वाटेपेक्षा दुप्पट झाल्या की हो!

सातपूरचा_फिटर:
दुप्पट कशा, इकडे गर्दी पण दहापट आहे ना. वहिनी, ती २५ च्या स्पीडवाली केवढ्याला पडली? पोरीला क्लासला पाहिजे, बायकोला अजून सांगितलं नाही.