पेपरमधला आलेख धुरकट येतोय, 300 डीपीआय (इंचाला 300 ठिपके) कसा काढू? (बजेट शून्य)

करपा_पीएचडी (जळगाव): केळीच्या करप्यावरचा पेपर परत आलाय. मजकुराबद्दल चकार शब्द नाही, फक्त "आकृती 2 अस्पष्ट, 300 डीपीआय टिफ पाठवा". आर (R) या आकडेवारीच्या सॉफ्टवेअरमधून पीएनजी चित्रफाइल काढली होती, त्यांना टिफ हवी. हातात चार दिवस, लॅपटॉप 4 जीबीचा, पैसे नाहीत. काय करू?

धुळेकर: ओरिजिन हे आलेखाचं सॉफ्टवेअर विकत घेऊन टाक. मी घेतलं, डोक्याचा ताप गेला.

करपा_पीएचडी: दादा, बजेट शून्य लिहिलंय वर.

शेवभाजी: फोटोशॉपमध्ये उघड, 72 चं 300 कर. माझं चाललं होतं.

तापीकाठ: अजिबात नको. मधले ठिपके अंदाजाने भरले जातात, अक्षरं आणखी पसरतात. मुळात आरची पीएनजी काही न सांगता काढली की 480 बाय 480 पिक्सेलची निघते. 300 ने भाग, जेमतेम 1.6 इंच! आलेख आरच्या जीजीप्लॉट पॅकेजने काढला असेल तर त्याच्या जीजीसेव्ह कमांडमध्ये रुंदी 3.5 इंच, उंची 3, डीपीआय 300 दे. टिफला एलझेडडब्ल्यू कॉम्प्रेशन लाव, फाइल फुगत नाही. रुंदी छापायची तेवढीच ठेव. मी एकदा 10 इंची काढून लहान केला, अक्षावरचे आकडे मुंगीएवढे झाले.

रावेरकर: आधी सांगा, करपा पिवळा की काळा? आमची अर्धी बाग तर हरण्या रोगानेच गेली.

शेवभाजी: भाऊ, धागा आलेखाचा आहे.

रावेरकर: केळीच्याच आलेखाचा ना?

जुना_मास्तर (अमळनेर): मी सांगस ते ऐक ताई, आलेख वर्डमध्ये चिकटवून पाठवू नको. सेव्ह करताना चित्रं दाबली जातात. प्रगत पर्यायांत ते बंद करता येतं. मी विसरलो आणि प्रबंधाची आकृत्यांची सगळी पानं परत छापली. जेपीजी पण नको, अक्षरांभोवती घाण दिसते.

धुळेकर: डीपीआय वाढव, एवढंच. ओरिजिनमध्ये दोन मिनिटांचं काम.

करपा_पीएचडी: सगळ्यांचे आभार. टिफ काढली, चांगली आली. पण शेवटी पीडीएफच पाठवली. रेषांचा आलेख आहे, पीडीएफमध्ये तो वेक्टर, म्हणजे ठिपक्यांऐवजी रेषा म्हणूनच राहतो, कितीही मोठा केला तरी फुटत नाही. संपादकांना आधी मेल टाकून विचारलं, चालेल म्हणाले.

तापीकाठ: मग एवढं टिफपुराण कशाला लिहून घेतलं?

रावेरकर: करपा कोणता, ते राहिलंच.