लांबच्या प्रवासाला सगळे घालतो, रोजच्या सहा किलोमीटरला काहीच नाही. ही सवय कशी मोडावी?

गोदाकाठचा

मंडळी, नमस्कार.

हेल्मेट घालावे की घालू नये, हा वाद पुन्हा उकरून काढण्यासाठी हा धागा काढलेला नाही, हे आधीच सांगतो. घालावे, हे मला पूर्ण मान्य आहे. माझी अडचण त्यापुढची आहे आणि सांगताना थोडी लाजही वाटते.

मी नाशिकला राहतो. वय ४६, मोटरसायकल चालवायला लागून पंचवीस वर्षे झाली. महिन्यातून एखाद्या रविवारी आम्ही चार-पाच मित्र पहाटे निघून कसारा घाट उतरतो, नाहीतर सापुताऱ्याला जातो. त्या दिवशी माझ्या अंगावर पूर्ण चेहरा झाकणारे हेल्मेट, खांद्या-कोपराला आणि पाठीला गार्ड असलेले जाळीदार जॅकेट, गुडघ्याचे गार्ड, बोटांच्या पेरांवर कवच असलेले हातमोजे आणि घोट्याच्या वर येणारे बूट असा सगळा सरंजाम असतो. तो चढवायला मला पंधरा मिनिटे लागतात. एवढ्या वेळात नवरदेव बोहल्यावर चढतो, असे सौ. म्हणते.

सोमवारी सकाळी हाच माणूस चप्पल घालून, उघड्या डोक्याने दूध आणायला जातो. त्यानंतर अंबडच्या औद्योगिक वसाहतीत कामाला निघताना हेल्मेट बरोबर घेतो, कारण ते नसेल तर फाटकावरचा सुरक्षारक्षक दुचाकी आत सोडत नाही. पण खरे सांगायचे तर ते डोक्यावर चढते फाटकाच्या अलीकडच्या वळणावर. तोवरचे सहा किलोमीटर ते माझ्या डाव्या कोपरात लटकत असते.

गेल्या महिन्यात घरापासून जेमतेम चारशे मीटरवर, गटाराच्या कामासाठी खोदलेल्या जागेपाशी रस्त्यावर बारीक कच पसरली होती. कुत्रे आडवे आले, मी पुढचा ब्रेक दाबला आणि पुढचे चाक सटकले. वेग ताशी पंचवीसच्या वर नसावा. मी डाव्या अंगावर पडलो, कोपरातले हेल्मेट माझ्या आणि रस्त्याच्या मध्ये सापडले, त्यामुळे कोपर तेवढे वाचले. डोक्यासाठी विकत घेतलेल्या वस्तूने कोपर वाचवले, हा विनोद आता आमच्या कंपनीत सर्वांना पाठ झाला आहे. डोके आपटले नाही, यात माझे कर्तृत्व काहीच नाही; पदपथाच्या सिमेंटच्या ठोकळ्याची कड कानापासून वीतभर अंतरावर होती.

पडताना माणूस हात पुढे करतोच, तसा मीही केला. उजव्या तळहाताची कातडी मनगटापासून अंगठ्याच्या उंचवट्यापर्यंत सोलून निघाली. दवाखान्यात परिचारिका चिमट्याने एकेक खडा काढून स्टीलच्या ताटलीत टाकत होती आणि प्रत्येक खडा पडताना टण् असा आवाज येत होता. मी सतरापर्यंत मोजले, मग मोजणे सोडले. पुढे अकरा दिवस शर्टाची बटणे सौ.ने लावली. रविवारचे ते हातमोजे त्या वेळी कपाटात घडी घालून ठेवलेले होते.

एवढे होऊनही, जखम भरल्यावर तिसऱ्याच दिवशी हेल्मेट पुन्हा कोपरात गेले. म्हणून हा धागा.

माझी कारणे मला ठाऊक आहेत. चष्मा काढा, हेल्मेट घाला, चष्मा पुन्हा आत सरकवा, हा खटाटोप नकोसा वाटतो. एप्रिल-मे महिन्यांत द्वारका चौकात सिग्नलला उभे राहिले की कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरतो. दुकानात शिरताना हेल्मेट कुठे ठेवावे ते कळत नाही, आणि जॅकेट घालून भाजी घ्यायला गेलो तर शेजारचे काका 'कोणत्या मोहिमेवर?' असे विचारतात. यातले एकही कारण घाटात जाताना मला आठवत नाही, याचे मला नवल वाटते.

धाकाचा उपाय आमच्या शहराने करून पाहिला आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून येथे 'हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही' अशी मोहीम पोलिसांनी सुरू केली. त्या दिवसांत एकच हेल्मेट रांगेतल्या तिघांच्या डोक्यांवरून फिरून मूळ मालकाकडे परत आलेले मी पंपावर स्वतः पाहिले आहे. माझ्या कंपनीच्या फाटकाचीही तीच गत आहे: नियम फाटकापुरता आणि मीही फाटकापुरता.

तर जाणकारांनी सांगावे, ही सवय अंगवळणी कशी पाडावी? रोजच्या सहा किलोमीटरसाठी किमान काय घातले तर ते शहाणपणाचे ठरेल आणि टिकेलही? कोपराखाली सापडलेल्या त्या हेल्मेटवर एक ओरखडा सोडून काही दिसत नाही. ते वापरावे की टाकावे? आणि शेवटचा प्रश्न सर्वांत अवघड आहे. सौ. माझ्या मागे बसते, साडीवर, एका बाजूला पाय सोडून, आणि अंबाड्यामुळे हेल्मेट बसत नाही असे सांगून ते नाकारते. स्वतः कोपरात हेल्मेट घालणाऱ्या नवऱ्याने तिला कोणत्या तोंडाने आग्रह करावा?

मुठेकाठी

आमच्या पुण्यात १ जानेवारी २०१९ पासून सक्तीची अंमलबजावणी कडक झाली, तेव्हा पुणेरी पगड्या घालून मोर्चा निघाला होता, त्यामुळे धाकाबद्दल मी काय बोलावे! सवयीबद्दल मात्र एक अनुभव सांगतो. गेली सहा वर्षे माझ्या गाडीची किल्ली घरात आल्यावर हेल्मेटच्या आत जाते आणि हातमोजेही तिथेच असतात. किल्ली घ्यायची तर हेल्मेट हातात घ्यावेच लागते, आणि हातात आलेली वस्तू डोक्यावर ठेवायला वेगळा निश्चय लागत नाही. तुम्हाला रविवारी निश्चय करावा लागत नाही, कारण त्या दिवशी सगळे सामान आदल्या रात्री खुर्चीवर काढून ठेवलेले असते. बरोबर ना?

दातेरी चाक

आधी हेल्मेटचे सांगतो. बाहेरचे कवच ओरखडे घेते, पण डोके वाचवण्याचे मुख्य काम आतला थर्मोकोलसारखा दाट थर करतो. आघात झाला की तो चेपतो, डोके थांबायला काही सहस्रांश सेकंद अधिक मिळतात आणि मेंदूपर्यंत पोचणारा धक्का कमी होतो. हा थर एकदा चेपला की पुन्हा फुगत नाही. रिकामे हेल्मेट टेबलावरून पडले तर आतून दाबणारे वजन नसते, त्यामुळे सहसा फारसे बिघडत नाही. तुमच्या बाबतीत मात्र आत कोपर होते आणि वर तुम्ही होतात. आतले कापडी अस्तर निघत असेल तर काढून थरावर खळगा किंवा चीर दिसते का ते पाहा, पण काही दिसले नाही तरी मी ते वापरणार नाही. नवे घेताना आयएस ४१५१ हा क्रमांक आणि आयएसआय चिन्ह पाहून घ्या. १ जून २०२१ पासून दुचाकीस्वारांसाठी हे प्रमाणपत्र नसलेले हेल्मेट विकणेच बेकायदा आहे, तरी रस्त्याकडेच्या दोरीवर तसली टोपली अजून लटकलेली दिसतात.

आता तुमच्या 'सहा किलोमीटरच तर' या समजुतीविषयी. अमेरिकेत हॅरी हर्ट यांच्या अभ्यासगटाने लॉस एंजेलिस परिसरातील ९०० मोटरसायकल अपघात जागेवर जाऊन तपासले आणि १९८१ मध्ये अहवाल दिला. त्यात असे आढळले, की बहुतेक अपघात खरेदी, किरकोळ कामे, मित्रांकडे जाणे अशा छोट्या फेऱ्यांत, निघाल्यापासून थोड्याच वेळात आणि निघाल्या जागेच्या जवळपास झाले होते. छोट्या फेऱ्या मुळातच संख्येने अधिक असतात, तेव्हा त्या घाटापेक्षा धोकादायक असतात असा अर्थ मी काढणार नाही. पण जवळ जायचे म्हणून धोका नाही, या म्हणण्याला त्यात काडीचाही आधार सापडत नाही. हेल्मेटमुळे नीट दिसत नाही किंवा ऐकू येत नाही म्हणून अपघात होतो, ही तक्रारही त्या तपासणीत टिकली नाही. पुढे २००८ मध्ये अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला, त्यात हेल्मेटमुळे अपघातात सापडलेल्या स्वाराच्या मृत्यूची शक्यता सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याला इजा होण्याची शक्यता सुमारे ६९ टक्क्यांनी घटते असे दिसले.

रोजसाठी किमान काय? माझ्या मते हेल्मेट, हातमोजे आणि घोटा झाकणारे बूट. तळहाताचे महत्त्व तुम्हाला मी सांगायला नको. तळव्यावर चामड्याचा दुहेरी थर असलेले, साधे, आखूड मनगटाचे मोजे घ्या, ते दहा सेकंदांत चढतात. जॅकेट रोज होणार नसेल तर शर्टावर चढवायचे सुटे कोपर-गार्ड मिळतात. त्यांवर ईएन १६२१-१ हे युरोपीय मानक छापलेले असते. आघाताचा जो जोर गार्डमधून पलीकडे पोचतो, तो पहिल्या पातळीच्या गार्डमध्ये सरासरी ३५ किलोन्यूटनपर्यंत चालतो, दुसऱ्या पातळीत २० पर्यंतच, त्यामुळे किमतीत थोडा फरक असेल तर दुसरी पातळी घ्यावी. सगळे घालता येत नाही म्हणून काहीच घालायचे नाही, हा तुमचा खरा घोटाळा आहे असे मला वाटते. रविवारचा तो सरंजाम तुम्हाला सोमवारी आडवा येतो.

आणि पट्टा लावा. पट्टा न लावलेले हेल्मेट पडताना तुमच्या आधी उतरते.

वाटसरू

अर्धा किलोमीटरवरचे दूध आणायला मुळात गाडी कशाला हवी? पायी जावे. चप्पलही चालेल.

स्कूटरवाली

वहिनींविषयी लिहिते, कारण मी अनेक वर्षे मागे बसले आणि गेली नऊ वर्षे ठाण्यात स्वतः स्कूटर चालवते. कायद्याचे आधी सांगते: मोटार वाहन कायद्याचे कलम १२९ मागे बसणाऱ्यालाही लागू आहे आणि दंड एक हजार रुपये, शिवाय तीन महिने परवान्यावर गदा येऊ शकते. मुंबई पोलिसांनी ९ जून २०२२ पासून मागे बसणाऱ्यांवरही कारवाई सुरू केली, तेव्हा आमच्या लोकलच्या डब्यात आठवडाभर दुसरा विषय नव्हता.

पण वहिनी कायद्यासाठी हेल्मेट घालणार नाहीत. मला एकच विचारायचे आहे. त्यांना देऊ केलेले हेल्मेट कोणाचे होते? बहुतेक घरांत नवरा नवे घेतो आणि जुने, घामट वासाचे, डोक्यात गरगर फिरणारे हेल्मेट बायकोच्या वाट्याला येते. मलाही तेच मिळाले होते आणि मीही अंबाड्याचेच कारण सांगत असे. त्यांना दुकानात घेऊन जा आणि त्यांचे त्यांना निवडू द्या. शिंप्याच्या टेपने भुवयांच्या बोटभर वरून, डोक्याच्या सर्वांत मोठ्या घेरावर माप घ्या. हेल्मेट घातल्यावर गाल किंचित दाबले गेले पाहिजेत आणि ते हलवले तर कपाळाची कातडी त्याच्याबरोबर हलली पाहिजे. पट्टा लावून मागची कड पुढे ढकलून बघा. निघून आले तर ते मोठे आहे. अंबाडा मानेवर खाली बांधला किंवा सैल वेणी घातली की अडत नाही. खाली सुती रुमाल बांधला तर केसांची आणि वासाची, दोन्ही तक्रारी मिटतात. एका बाजूला पाय सोडून बसणे मात्र मला हेल्मेटपेक्षाही अधिक काळजीचे वाटते, कारण पकडायला धड काही नसते आणि पदर चाकाकडे लोंबतो. तेवढ्यासाठी मी पंजाबी पोशाख स्वीकारला, पण तो त्यांचा निर्णय आहे, तुमचा नव्हे.

कोणत्या तोंडाने आग्रह करावा, या प्रश्नाचे उत्तर असे, की महिनाभर आग्रह करूच नये. स्वतः फाटकापासून नव्हे, घरापासून घालावे. त्या पाहत असतात.

गोदाकाठचा

सर्वांचे आभार. दहा दिवसांनी लिहितो आहे.

किल्ली हेल्मेटमध्ये ठेवण्याची युक्ती चालली. दहापैकी नऊ दिवस घरापासून हेल्मेट घातले. एके दिवशी मुलाने किल्ली काढून टेबलावर ठेवली होती, त्या दिवशी मी थेट कोपरात अडकवून निघालो आणि कोपऱ्यावर गेल्यावर लक्षात आले, म्हणजे सवय माझ्यापेक्षा किल्लीलाच लागली आहे. वाटसरू यांचा सल्ला सर्वांत स्वस्त पडला. दुधाला आता पायी जातो. जाऊन-येऊन बारा मिनिटे लागतात.

जुन्या हेल्मेटचे अस्तर काढले तर डाव्या बाजूला, कानाच्या वर, अंगठा बसेल एवढा खळगा निघाला. बाहेरून त्याचा मागमूसही नव्हता. हेल्मेटचा पट्टा कापून ते भंगारात दिले, म्हणजे दुसरा कोणी वापरणार नाही.

स्कूटरवाली ताई, आपण बरोबर ओळखलेत. सौ.ला दिलेले हेल्मेट माझेच २०१४ सालचे होते. काल तिच्याकडून डोक्याचे माप मागितले, तर तिने शिलाईच्या डब्यातला टेप काढून आधी माझेच डोके मोजले. माझे ५८ सेंटिमीटर भरले, तिचे ५५. येत्या शनिवारी दोघेही दुकानात जाणार आहोत.

एक शंका तेवढी उरली आहे. आम्हा दोघांनाही चष्मा आहे. काही हेल्मेटांच्या गालाच्या गादीत चष्म्याच्या काडीसाठी खाच असते असे मित्र म्हणतो, तर काही हेल्मेटांची हनुवटीची बाजूच वर उचलता येते, म्हणजे चष्मा काढावा लागत नाही. रोज वापरणाऱ्या कोणी यांतले काय घेतले आहे आणि ते दोन-तीन पावसाळे टिकले का, हे शनिवारच्या आत सांगितल्यास बरे होईल.