मदत हवी आहे: व्हायोलिनमध्ये मास्टर्स, कमी खर्चात कुठे करावं?

नमस्कार मंडळी,

व्हायोलिनमधली पदवी यंदा पूर्ण होतेय, पुढे मास्टर्स करायचंय. मोठं कर्ज काढायचं नाही हे नक्की, कारण वादकाच्या सुरुवातीच्या कमाईतून ते फेडणं फार जड जातं. अमेरिकेत येलच्या संगीत विद्यालयात शिक्षणशुल्क नाही, पण जागा मोजक्या आणि स्पर्धा जबरदस्त. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी संगीत महाविद्यालयांतही फी नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात मात्र युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७पासून प्रत्येक सत्राला १५०० युरो भरावे लागतात.

माझ्या मते संस्थेच्या नावापेक्षा आपले गुरू कोण, हे जास्त महत्त्वाचं. म्हणूनच विचारते, ऑडिशनच्या आधी एखाद्या प्राध्यापकांकडे ट्रायल लेसन (एकमेकांची ओळख व्हावी म्हणून घेतलेला एखादा धडा) मागायचा तर ईमेल कसा लिहावा? रेकॉर्डिंग सोबत जोडावं का? हे कुणी केलं असेल तर जरा सविस्तर सांगा.

जर्मन भाषा कितपत यावी लागते? आणि ज्यांना असिस्टंटशिप (विद्यापीठात शिकवण्याच्या बदल्यात फीमाफी किंवा मानधन) मिळाली, त्यांना शिकवण्याचे तास सांभाळून रियाजाला पुरेसा वेळ मिळाला का? फी माफ झाली तरी घरभाडं आणि आरोग्य विमा उरतोच, तो खर्च तुम्ही कसा भागवलात?