खाऱ्या वाऱ्यातली अलॉय चाकं: पावडर कोटिंगला फिनिश कुठलं घेऊ?

मिऱ्याकर:
नमस्कार मंडळी. घर रत्नागिरीत मिऱ्याला, समुद्र हाकेच्या अंतरावर. गाडीची १५ इंची डायमंड कट चाकं आठ वर्षांची झाली. लॅकरखाली पांढऱ्या गांडुळासारख्या रेषा पसरल्यात, एका चाकाची कड फुटपाथला घासून खाल्ली गेलीय. मागे एका पेंटरने लांबी (पुट्टी) भरून स्प्रे मारला, दुसऱ्या पावसाळ्यात पापुद्रे! आता चारही चाकांना पावडर कोटिंग (कोरडी रंगपूड मारून भट्टीत भाजतात ते) करायचंय. मुलगा मॅट काळ्यावर अडून बसलाय, मला पूर्वीसारखं डायमंड कटच हवंय. काय करू?

भट्टीवाला_भोसरी:
दादा, भोसरीत जॉबवर्कची शेड आहे माझी, चाकं रोज येतात. तुमच्याकडे डायमंड कट नकोच. लेथवर तासलेला तो चकचकीत भाग म्हणजे उघडं ॲल्युमिनियम, वर फक्त पारदर्शक लॅकर. एक खडा लागला की तिथून खार आत शिरतो, त्याच त्या तुमच्या गांडुळरेषा. पुन्हा कट मारायचा तर दर खेपेला धातू कमी होतो.

रंग मागाहून ठरवा, आधी तयारी विचारा. जुना रंग पूर्ण उतरला पाहिजे आणि ती लांबीसुद्धा! भट्टीत १८० ते २०० अंशांना साधी लांबी टिकत नाही. घासलेली कड आर्गन वेल्डिंगने भरून घ्या. ओतीव चाकाच्या छिद्रांत हवा आणि तेल दडलेलं असतं, म्हणून पावडर मारण्याआधी एकदा रिकामंच भाजून घ्यायचं. नाहीतर पावडर वितळताना बुडबुडे येतात, वर टाचणीएवढी भोकं राहतात, आणि तुमच्याकडचा वारा भोकं बरोबर शोधतो.

हबला टेकणारी मागची बाजू, मधलं भोक आणि नट बसतात त्या जागा मास्क करायला, म्हणजे पावडर बसू नये म्हणून झाकायला सांगा. तिथे थर राहिला तर तो दबतो आणि नट ढिले होतात. गाडी ८०-१०० किमी चालली की नट पुन्हा टॉर्क रेंचने (ठरावीक जोरानेच आवळणाऱ्या पान्याने) तपासायचे. हे ऐकून पुष्कळ जण मान डोलावतात, करत कुणीच नाही.

धूळभरला:
मॅट काळं मी केलंय, म्हणून सांगतो. फोटोत झकास. पण पृष्ठभाग खडबडीत, ब्रेकची धूळ बसली की दात घासायच्या ब्रशशिवाय निघत नाही. आणि पॉलिश लावलं की चट्टे! तुमच्याकडे जांभ्याची लाल माती आणि वाळलेलं मीठ, काळ्यावर दोन्ही उठून दिसणार. चिरंजीव स्वतः धुणार असतील तर खुशाल करा.

मिऱ्याकर:
चिरंजीव ताटसुद्धा उचलत नाहीत. मग सिल्व्हर? आणि भट्टीने चाक कमकुवत होत नाही ना?

भट्टीवाला_भोसरी:
२०० च्या आत आणि वीसेक मिनिटं, एवढं पाळलं तर काळजी नको. पण दर दोन वर्षांनी हौस म्हणून भाजत बसू नका. सिल्व्हर चांगलं, फक्त वर क्लिअरचा, म्हणजे पारदर्शक थर घ्या. नुसती मेटॅलिक पावडर काळवंडते. गडद राखाडीही चालेल, आरएएल ७०१६ मागा (रंगांच्या आरएएल तक्त्यातला नंबर), अर्धचकाकी. माती खपते आणि मुलाचंही मन राहतं. आणि हो, टायरवाल्याला जुने व्हॉल्व्ह परत घालू देऊ नका.

मिऱ्याकर:
७०१६ चा नमुना पत्रा मागवलाय. मुलगा म्हणतो, "हा तर काळाच आहे." मी गप्प बसलोय.