मदत हवी आहे: बांबूचं निरीक्षण मचाण आणि शेजारी घोडे

नमस्कार मंडळी. इंदापूरच्या माळरानाला लागून आमचं थोडं रान आहे. चिंकारा, धाविक पक्षी, लांडग्याची पावलं नेहमीची. दोन भीमथडी घोड्या पाळल्यात. शाळेच्या मुलांना खरारा, दाणापाणी, खूर साफ करणं शिकवतो. आता २० फुटी मचाण बांधायचंय, लोखंड-सिमेंट शक्य तितकं टाळून.

बांबू कोकणातला माणगा घ्यावा म्हणतो, भरीव असतो. किडीसाठी बोरॅक्स-बोरिक ॲसिडच्या पाण्यात बुडवणार, पण ते पावसात धुऊन निघतं ना? पाय जमिनीत न पुरता दगडी जोत्यावर ठेवायचे आहेत. मग वैशाखातल्या वावटळीत मचाण उलटू नये म्हणून जोत्याशी जखडायचं कसं? सांध्यांना बोल्ट की काथ्या? बोल्टने बांबू उभा चिरतो असं ऐकलंय.

छपराचा घोळ वेगळाच. पत्रा वाऱ्यात खडखडला की घोड्या बुजतात, आणि गवत शाकारलं तर खालच्या वळचणीचं त्याच ओढून खातील (एकीने तर गव्हाणीची फळीही कुरतडलीय!). मचाण तबेल्यापासून किती लांब असावं? कुणी असं काही उभं केलं असेल तर फोटो टाका, आणि बांबूत मुरलेला सुतार माहीत असेल तर कळवा.