'बग' म्हणजे तुमच्या घरी काय?

मंडळी, परवा जेवताना 'बग' या एकाच शब्दावरून आम्ही तिघं तीन गोष्टी बोलत होतो. मुलगी प्रोग्रॅममधल्या चुकीबद्दल, भाऊ द्राक्षवेलीबद्दल आणि आई ढेकणाबद्दल. तुमच्याकडे हा शब्द कसा आला, लिहा.

निफाडहून
"मिलीबग आलाय" ऐकलं की पोटात गोळा येतो. त्याचं मराठी नाव पिठ्या ढेकूण, आणि मला तेच खरं वाटतं. अंगावर पीठ भुरभुरल्यासारखा, ढेकणासारखाच फटीत लपून शोषणारा. सालीखाली बसतो, म्हणून फवारा पोचत नाही. गेल्या हंगामात घड हातात घेतला तर बोटं चिकट, मण्यांवर काळी बुरशी, देठाशी मुंग्यांची रांग. आता एप्रिलच्या खरड छाटणीनंतर खोडाची सैल साल काढून जाळतो.

दिंडोरीहून
मी मिलीबग समजून पांढऱ्या, मेणचट अळ्या चिमटीत चिरडल्या. त्या निघाल्या मिलीबग खाणाऱ्या क्रिप्टोलेमस भुंगेऱ्याच्या, आम्हीच बागेत सोडलेल्या! मिलीबगपेक्षा त्या मोठ्या आणि चपळ असतात. अजून चुटपुट लागते. तुम्ही तरी आधी नीट बघा.

पंचवटीहून, शिक्षिका
अमेरिकेत बोलताना कुठलाही किडा बग. कीटकशास्त्रात मात्र सोंड खुपसून शोषणाऱ्यांतला एक ठरावीक गटच बग: ढेकूण, मावा, पिठ्या ढेकूण. मुलं ज्याला लेडीबग म्हणतात तो चावून खाणारा भुंगेरा, वरच्या क्रिप्टोलेमसचा भाऊबंद.

कॉलेज रोडहून
नातू "डोन्ट बग मी" म्हणाला. मी म्हटलं, "डोकं खाऊ नको, असं म्हण की!"

ओझरहून, सॉफ्टवेअरमध्ये
९ सप्टेंबर १९४७ला हार्वर्डच्या मार्क टू संगणकाच्या रिलेत, म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचमध्ये, पतंग सापडला, तो वहीत चिकटवला, त्यावरून 'बग' आला असं सांगतात. पण त्याच वहीत 'खरोखरचा बग सापडल्याची पहिली घटना' अशी नोंद आहे, म्हणजे शब्द आधीच रुळलेला. एडिसनने १८७८च्या पत्रातही यंत्रातल्या दोषांना बग म्हटलंय.

आमच्या घरी मात्र अर्थ एकच. घरून काम करताना रात्री मी फोनवर म्हणालो, "बग सापडला, बराच पसरलाय." बाहेर ओट्यावर आण्णा होते. फोन ठेवून बघतो तर ते बॅटरी घेऊन बागेत, एकेका खोडाची साल उचलून पाहत होते.