मदत हवी: दुकानात दोन स्पीकर ऐकताना आवाज सारखा कसा करायचा?

केईएफ एलएस50 मेटा आणि व्हार्फडेल लिंटन यांतून एक जोडी घ्यायची आहे. पुण्यातल्या एका हाय-फाय दुकानात दोन्ही ऐकले. माझीच गाणी, एफएलएसी (दर्जा न घटवता साठवलेल्या) फाइली, पेनड्राइव्हवर नेली होती: तानपुऱ्यासह ख्याल, तबला, थोडं जॅझ.

अडचण अशी की केईएफची सेन्सिटिव्हिटी (तेवढ्याच सिग्नलवर स्पीकर किती मोठ्यानं वाजतो ते) ८५ डेसिबल, लिंटनची ९०. व्हॉल्यूमची खुंटी तिथंच ठेवून स्पीकर बदलले की लिंटन मोठ्यानं वाजतो, आणि मोठ्यानं वाजणारा कानाला चांगलाच वाटतो. दुकानदार अंदाजानं आवाज कमी-जास्त करतात, पण तेवढ्यावर माझा भरवसा बसत नाही. मोबाइलवरच्या डेसिबल मीटरनं गाणं चालू असताना मोजून पाहिलं. आकडा सतत नाचत राहतो.

दुसरं म्हणजे तिथली खोली ऐसपैस, गालिचा-पडदेवाली. माझी १० बाय १२ फुटांची, फरशीची, स्पीकर भिंतीपासून जेमतेम फूटभर. दोन्हींचे पोर्ट (बाससाठी ठेवलेली हवेची भोकं) मागे, त्यामुळे डग्गा घरी गुरगुरेल अशी धास्ती आहे. घरी नेऊन ऐकायला ते देत नाहीत. माझा ५० वॉटचा अ‍ॅम्प्लिफायर मात्र तिथं जोडू देतील. बजेट वाढणार नाही, सबवूफर नको.

शनिवारी पुन्हा जातोय. पातळी जुळवायला पिंक नॉइज (खर्जापासून तारापर्यंत सगळं एकत्र असलेली खरखर) वाजवून मोजू की १ किलोहर्ट्‌झचा टोन (एकच सलग स्वर)? मोबाइलचा माइक एवढ्यापुरता चालेल का? आणि भिंतीजवळचा बास तपासायला स्पीकर तिथंच मागे सरकवून ऐकले, तर घरचा अंदाज येईल, की खोलीच वेगळी असल्यानं त्याला अर्थ नाही?